दोन जुन्या पॉन्टून बोटींमधून घरासाठी एक निवडताना

मिनियापोलिसच्या आसपासची तळी साधारण एप्रिलच्या मध्यावर बर्फातून मोकळी होतात आणि त्याच सुमारास जुन्या बोटींच्या जाहिरातींना ऊत येतो. गेल्या वसंतात आमच्यापुढे अशाच दोन पॉन्टून बोटी होत्या. पहिली २००९ ची, २२ फूट लांब, २५ इंच व्यासाच्या दोन नळ्यांची आणि ९० अश्वशक्तीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाची. तिचे इंजिन ४३० तास चाललेले होते, सीटांचा रंग उडाला होता, जमिनीवरचा गालिचा विटला होता, पण मालक पहिल्यापासून एकच होता आणि त्याने दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या फाइलमध्ये लावून ठेवल्या होत्या. दुसरी २०१५ ची, २० फूट लांब, २३ इंची नळ्यांची, ६० अश्वशक्तीची आणि केवळ ९५ तास चाललेली. तिच्या सीटा नव्यासारख्या, स्टिरिओ उत्तम, आणि विक्रेता दोन वर्षांपूर्वीच ती विकत घेतलेला. पहिलीला १४,५०० डॉलर मागितले होते, दुसरीला १५,९००. फोटो पाहताच घरातल्या सगळ्यांचे मत दुसरीच्या बाजूने पडले होते, आणि मला वाटते बहुतेक घरांत असेच होत असेल.

पॉन्टून बोट म्हणजे मुळात आपल्याकडची सांगड. दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या की सांगड होते; इथे होड्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे बंद नळे असतात आणि फळ्यांच्या जागी प्लायवुडची सपाट जमीन. १९५२ च्या सुमारास याच मिनेसोटा राज्यातल्या रिचमंड गावच्या ॲम्ब्रोज वीअर्स या शेतकऱ्याने पोलादी पिंपे टोकाला टोक लावून जोडली आणि त्यांच्या दोन रांगांवर लाकडी मंच बसवला. आजच्या पॉन्टूनचे घराणे तिथून सुरू होते असे मानतात. ही रचना ध्यानात ठेवली की तपासणीचा क्रम आपोआप ठरतो. नळे, जमीन आणि इंजिन यांत दोष निघाला तर बोट निकामी ठरते किंवा खिसा रिकामा करते. सीट, रंग आणि स्टिरिओ पुढे कधीही, हळूहळू, स्वतःच्या हातांनी सुधारता येतात. फोटोत मात्र नेमक्या याच दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी दिसतात.

आधी घरची माणसे मोजावीत

बोट पाहायला जाण्यापूर्वी कागद घेऊन सहलीला खरोखर कोण येणार आहे ते लिहून काढावे. आमच्या घरी आम्ही दोघे, आठ आणि तेरा वर्षांची मुले, आणि जून ते ऑगस्ट पुण्याहून येऊन राहणारे आई-बाबा, असे सहा जण. त्यात एखादे मित्रकुटुंब आले की दहा. त्यावर बर्फाची पेटी, जेवणाचे डबे, पाणी, टॉवेल, लाइफ जॅकेटे. बहुतेक पॉन्टूनवर स्टिअरिंगजवळ एक पाटी असते, तिच्यावर माणसांची कमाल संख्या, पौंडांतले कमाल वजन आणि इंजिनाची कमाल अश्वशक्ती दिलेली असते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार अशी पाटी २० फुटांहून लहान अशा एकाच तळाच्या बोटींना सक्तीची आहे. पॉन्टूनला ती सक्ती लागू नाही, तरी उद्योगाची मानके पाळणारे कारखाने ती लावतात. माणसांची संख्या आणि वजन या दोहोंपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल ती पाळायची असते, आणि वजनात सामानही धरावे लागते. पाटीवरच्या आकड्याच्या दोन-तृतीयांश माणसे बसली तर सहल सुखाची होते, असा माझा अनुभव आहे; पाटी पूर्ण भरली की मुलांना हलायला जागा उरत नाही आणि बोट जड चालते. आमच्या दुसऱ्या बोटीची पाटी नऊ जणांची होती, पहिलीची बारा जणांची. म्हणजे मित्रकुटुंबासह जायचे तर दुसरी बोट बाद होत होती.

दुसरा प्रश्न तळ्याचा. आमचे तळे मिनेटोंका, सुमारे १४,५०० एकरांचे, अनेक खाड्यांचे, आणि शनिवारी दुपारी मोठ्या बोटींच्या लाटांनी ढवळून निघणारे. अशा पाण्यात लहान व्यासाच्या नळ्यांची, पुढच्या बाजूला माणसे बसलेली बोट समोरच्या लाटेत नाक खुपसते आणि पाणी थेट जमिनीवर येते. ज्यांचे तळे शे-दोनशे एकरांचे आणि शांत आहे, चार-पाच जणांनी संध्याकाळी संथपणे फेरी मारायची आहे, त्यांना २० फुटी, ६० अश्वशक्तीची बोट उत्तम चालेल. धक्क्याला लावायलाही ती सोपी जाते. मुलांना मागे दोरीने रबरी ट्यूबवर ओढायचे असेल तर मात्र, बोटीत सहा माणसे असताना, ९० अश्वशक्ती ही मी किमान मानतो.

वडीलधाऱ्यांसाठी वेगळा विचार करावा लागतो. पॉन्टूनची जमीन जवळजवळ धक्क्याच्या पातळीला येते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसालाही एका पावलात आत जाता येते. घरच्या सहलीसाठी या बोटीचा हाच सर्वांत मोठा गुण आहे. म्हणून बाजूच्या दाराची रुंदी टेप लावून मोजावी, दाराजवळ घट्ट धरायला कठडा आहे का ते पाहावे, आणि पाण्यातून वर येण्याच्या शिडीच्या पायऱ्या किती खोल जातात ते शिडी पूर्ण उघडून पाहावे. दोन पायऱ्यांची शिडी मुलांना पुरते, साठीपुढच्या माणसाला चार हव्यात. डोक्यावरचे कापडी छत, ज्याला इथे बायमिनी म्हणतात, निदान निम्म्या सीटांवर सावली देणारे हवे. पडद्याआड बसवलेले लहानसे फिरते शौचालय असेल तर त्याला मी स्टिरिओपेक्षा अधिक किंमत देईन, कारण ते नसले की वडील मंडळी सकाळपासून पाणी पिणेच टाळतात.

नळ्यांना पुरेसा वेळ द्यावा

जुने कपडे घालून, जमिनीवर ताडपत्री अंथरून आणि हातात विजेरी घेऊन बोटीखाली शिरावे. ट्रेलरवर उभी असलेली बोट या कामासाठी सर्वांत सोयीची.

प्रथम व्यास मोजावा. २३ आणि २५ इंच यांत फरक फक्त दोन इंचांचा दिसतो, पण नळ्याचे आकारमान व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २५ इंची नळा दर फुटामागे सुमारे १८ टक्के अधिक वजन तोलतो. त्यात पहिल्या बोटीची लांबी दोन फुटांनी जास्त होती. कागदावर हा हिशेब मांडला तेव्हाच माझे मत डगमगू लागले.

मग नळ्यांवरची पाण्याची रेघ पाहावी. बोट हंगामभर पाण्यात उभी राहिली की शेवाळ आणि क्षार यांचा एक पट्टा नळ्यांवर उमटतो आणि तो विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा खरे सांगतो. दोन्ही नळ्यांवरची रेघ एकाच उंचीवर असेल आणि नळ्याच्या मध्याच्या आसपास किंवा खाली असेल तर बोट समतोल आणि हलकी तरंगत होती. एका बाजूची रेघ वर चढलेली असेल किंवा मागच्या टोकाकडे तिरकी जात असेल तर त्या बाजूला जास्तीचे वजन होते, आणि बहुतेक वेळा ते वजन नळ्यात शिरलेल्या पाण्याचे असते. नळे नुकतेच आम्लाने घासून चकचकीत केलेले असतील तर ही साक्ष पुसलेली असते. अशा वेळी गेल्या वर्षीचे फोटो मागावेत.

नळ्यात पाणी आहे का हे बोटांच्या पेरांनी किंवा रबरी हातोडीने ठोकून कळते. रिकामा नळा वाजतो, पाणी असलेला खालच्या बाजूला मठ्ठ आवाज देतो. चांगल्या बोटींचे नळे आतून आडव्या पडद्यांनी वेगवेगळ्या बंद कप्प्यांत विभागलेले असतात, त्यामुळे एका कप्प्याला छिद्र पडले तरी बोट बुडत नाही. पण म्हणूनच प्रत्येक कप्पा वेगळा ठोकून पाहावा लागतो. दुसऱ्या बोटीच्या डाव्या नळ्याचा सर्वांत मागचा कप्पा मला मठ्ठ वाजला. विक्रेता म्हणाला की ते आत जमलेले दव असावे. थोडे दव जमतेही, पण दव आवाज बदलत नाही. त्याची संमती घेऊन एका वेल्डिंगवाल्याकडून कप्प्यात अगदी हलका हवेचा दाब भरून घेतला आणि जोडांवर साबणाचे पाणी फासले, तेव्हा मागच्या कंसाच्या, म्हणजे नळा वरच्या सांगाड्याला जोडणाऱ्या धातूच्या आधाराच्या, वेल्डजवळ बुडबुडे आले. ही परीक्षा स्वतः करू नये, कारण दाब थोडाही जास्त झाला तर नळा कायमचा फुगतो.

मिनेसोटात या दोषाला विशेष अर्थ आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते; नळ्यात साठलेले पाणी हिवाळ्यात गोठले की शिवण उसवते, पुढच्या हंगामात अधिक पाणी शिरते, आणि पुढच्या हिवाळ्यात ती आणखी उसवते. सुदैवाने ॲल्युमिनियमचे वेल्डिंग जाणणारा कारागीर असे छिद्र कायमचे बुजवू शकतो आणि त्याला फार पैसेही पडत नाहीत. म्हणून छिद्र सापडताच बोट नाकारू नये, पण दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा आणि किमतीतून वजा करावा. इपॉक्सीचे लिंपण मात्र दुरुस्ती म्हणून मान्य करू नये.

नळ्याच्या टोकाशी धक्क्यावर आपटून पडलेले पोचे किंवा वाळूवर बोट चढवल्याने पोटाला पडलेले ओरखडे यांनी घाबरून जाऊ नये, जोवर वेल्डला तडा नाही. पांढरी भुकटी आणि सुईने टोचल्यासारखे खड्डे मात्र गंभीर मानावेत. बोट कधी खाऱ्या पाण्यात होती का, नळ्यांना तांबेयुक्त रंग लावला होता का, हे विचारावे, कारण ओलाव्यात तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम झिजते. कोपऱ्यांत आणि कंसांच्या मागे झेब्रा शिंपले, म्हणजे बोटींबरोबर एका तळ्यातून दुसऱ्यात पसरणारे उपद्रवी शिंपले, चिकटलेले नाहीत ना, हेही पाहावे. मिनेटोंका तळ्यात ते २०१० मध्ये सापडले, आणि असे जीव चिकटलेली बोट रस्त्याने नेणे या राज्यात गुन्हा आहे.

जमीन

जमीन अनवाणी चालून तपासावी. टाचेवर भार देत, दर फुटावर थांबत, विशेषतः दारांजवळ, सीटांच्या पेट्यांखाली आणि इंजिनासमोर, जिथे पाणी साचते. निरोगी प्लायवुड हलत नाही. कुजलेले टाचेखाली किंचित दबते. पहिल्या बोटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात साधारण दोन फूट लांब-रुंद असा नरम भाग लागला. खाली जाऊन पाहिले तर त्या जागी प्लायवुडवर काळे डाग होते आणि थर सुटू लागले होते, पण बाजूच्या आडव्या तुळया सरळ आणि सुक्या होत्या.

हा दोष किती मोठा, हे नरम जागा कुठे आहे त्यावर ठरते. कोपऱ्यातला तुकडा कापून नवा बसवता येतो. कठड्याच्या किंवा स्टिअरिंगच्या खांबाच्या बोल्टाखालची जमीन कुजली असेल तर संपूर्ण जमीन बदलावी लागते, आणि त्यासाठी कठडे, सीटा, तारा, छत असे सगळे उतरवावे लागते; प्लायवुड स्वस्त असते, मजुरी नाही. जमीन पूर्वी बदललेली असेल तर कोणते प्लायवुड घातले ते विचारावे, कारण घरबांधणीसाठीचे, तांब्याच्या क्षारांनी मुरवलेले लाकूड ॲल्युमिनियमच्या तुळयांवर ठेवले तर वर सांगितलेली झीज इथेही होते. काही बोटींच्या पोटाला ॲल्युमिनियमचा पत्रा लावलेला असतो. त्याने पाणी उडत नाही आणि बोट वेगात चालते, पण जमीन खालून दिसत नाही, म्हणून अशा बोटीवर पायांनी अधिक बारकाईने शोध घ्यावा. आडव्या तुळयांमधले अंतरही मोजावे. १६ इंचांवर बसवलेल्या तुळया २४ इंचांवरच्यांपेक्षा जमिनीला पुष्कळ घट्ट धरतात.

इंजिन: कमी तास म्हणजे चांगले इंजिन नव्हे

सर्वांत महाग भाग इंजिन, आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याच्याबद्दल. जाहिरातीत '९५ तास' वाचले की आपल्याला ते न वापरलेले वाटते. पण दहा वर्षांत ९५ तास म्हणजे वर्षाला साडेनऊ तास, आणि याचा अर्थ ते इंजिन बहुतांश काळ जुन्या पेट्रोलसह उभे होते. इथल्या पंपांवरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते, पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि इंधनमार्गात गाळ धरतो. रबरी सील वापराविना कोरडे पडतात. याउलट ४३० तास सोळा वर्षांत म्हणजे वर्षाला सत्तावीस, प्रत्येक हंगामाची पावती हातात, हे मला अधिक विश्वासाचे वाटले. नीट राखलेले फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर बसवलेले, इंजिन दीड हजार तास सहज चालते. तास आणि वय हे दोन्ही आकडे पावत्यांशी ताडून पाहिल्याखेरीज त्यांना अर्थ नसतो.

पाहायला जाताना इंजिन आधीपासून चालू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला स्पष्ट सांगावे, आणि पोहोचताच झाकणाला हात लावून ते थंड आहे याची खात्री करावी. गरम इंजिन सगळेच चटकन सुरू होते. थंड इंजिन किती फिरवल्यावर पकडते, किती धूर देते आणि मंद चालताना किती स्थिर राहते, यातच त्याची प्रकृती कळते. ट्रेलरवर असताना पाण्याचा नळ जोडल्याशिवाय ते क्षणभरही चालवू नये. सुरू होताच बाजूच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार जोरात आली पाहिजे. धार मंद असेल तर बहुधा पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे चक्र, झिजला आहे, जो तसाही दोन-तीन वर्षांनी बदलायचा असतो.

त्यानंतरच्या दोन परीक्षा मेकॅनिककडून करून घ्याव्यात आणि त्याची फी द्यायला कचरू नये. एक म्हणजे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब: सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असावेत, आकडे किती मोठे आहेत यापेक्षा ते सारखे आहेत का हे महत्त्वाचे. दुसरी म्हणजे खालच्या गिअरपेटीतल्या तेलाचा नमुना. तेल दुधासारखे निघाले तर आत पाणी शिरले आहे, आणि ते पाणी इथल्या जानेवारीत गोठले की पेटीच फुटते. तळाच्या बोल्टाच्या चुंबकाला बारीक चुरा चालतो, लोखंडाच्या कपच्या चालत नाहीत. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यामागे गुंडाळलेली मासेमारीची दोरी हे सील कापले जाण्याचे नेहमीचे कारण आहे, म्हणून पंखा काढून पाहायला सांगावे. अलीकडच्या बहुतेक इंजिनांच्या संगणकातून ते कोणत्या वेगाला किती तास चालले याचा अहवालही अधिकृत दुकानात काढता येतो. दुसऱ्या बोटीच्या गिअरपेटीतले तेल किंचित दुधाळ निघाले. विक्रेता प्रामाणिक होता, त्याला हे ठाऊकच नव्हते. त्याने ती ज्याच्याकडून घेतली त्यानेही बहुधा सांगितले नसावे.

पाण्यावर

पाण्यात उतरवून पाहिल्याशिवाय बोट घेऊ नये. हंगाम सुरू झाला नाही, घाटावर अजून धक्का बसवलेला नाही, अशी कारणे दिली जातात. अशा वेळी 'पाण्यावरची चाचणी समाधानकारक झाल्यास' अशी अट लिहून थोडी अनामत द्यावी आणि दोन आठवडे थांबावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खरेदी केली तर ही अडचण येत नाही, आणि हिवाळ्याच्या साठवणीचा खर्च टाळायचा असल्याने विक्रेतेही किमतीत नरम असतात. ज्यांना घाई नाही त्यांनी तीच वेळ धरावी.

चाचणीला एकट्याने जाऊ नये, घरच्यांना घेऊन जावे. आम्ही सहाही जण गेलो. उभ्या बोटीत सगळ्यांना आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुढे बसवून नळे किती बुडतात ते धक्क्यावरून पाहिले. मग पूर्ण वेग दिला: इंजिनाने निर्मात्याने सांगितलेल्या कमाल फेऱ्यांच्या (आरपीएम) पट्ट्यात पोहोचले पाहिजे, त्याखाली अडकले तर पंखा चुकीचा आहे, बोट जड झाली आहे किंवा इंजिन थकले आहे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहावे. वर्षानुवर्षे ग्रीस न मिळालेली स्टिअरिंगची केबल इतकी घट्ट होते की वळणावर दोन्ही हात लावावे लागतात. रिव्हर्स, इंजिन वर-खाली करण्याचे बटण, रात्रीचे दिवे, हॉर्न, सगळे चालवून पाहावे. सहा जणांसह पहिली बोट लाटेवरून सहज गेली. दुसरी चाळीस मिनिटांच्या फेरीत ठीक चालली, पण बाबा आणि दोन्ही मुले पुढे बसलेली असताना एका मोठ्या बोटीच्या लाटेने तिचे नाक दबले आणि पाणी दारापर्यंत आले.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. पुढच्या दाराबाहेर जी अरुंद पट्टी असते, तिच्यावर पाय सोडून बसण्याचा मोह प्रत्येक मुलाला होतो. चालत्या बोटीत तिथून पडलेला माणूस थेट दोन नळ्यांच्या मधून पंख्याकडे ओढला जातो. बोट कोणतीही घ्या, पण तिची सगळी दारे घट्ट बंद होतात आणि कड्या आपोआप उघडत नाहीत याची खात्री करा, आणि पहिल्या दिवसापासून 'दाराबाहेर कोणी नाही' हा नियम पाळा. तसेच इंजिन चालू असताना मागच्या पट्टीवर किंवा शिडीवर कोणाला बसू देऊ नये. कार्बन मोनॉक्साइड उघड्या हवेतही तिथे साचतो.

सीटांविषयी थोडक्यात: व्हिनाइलच्या भेगांकडे दुर्लक्ष करावे, पण गादी उचलून पाहावी. ती जड लागली तर आतला स्पंज पाण्याने भरलेला आहे. सीटेची पेटी लाकडी असेल तर कुजते, प्लास्टिकची टिकते.

ट्रेलर आणि ओढणारी गाडी

आपल्या अनेक घरांत सिएना किंवा ओडिसी असते आणि तिच्याने बोट ओढता येईल असे गृहीत धरले जाते. या दोन्ही मिनीव्हॅनची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड आहे. २२ फुटी बोट सुमारे २,१०० पौंड, इंजिन सुमारे ३७५, पंचवीस गॅलन पेट्रोल दीडशे, ट्रेलर आठ-नऊशे, एवढ्यातच मर्यादा गाठली जाते. सामान आणि गाडीतली माणसे अजून मोजायचीच आहेत. पहिली बोट घ्यायची तर ५,००० पौंड ओढणारी एसयूव्ही हवी, नाहीतर बोट हंगामभर धक्क्यावर ठेवण्याचे भाडे धरावे. दुसरी बोट मिनीव्हॅनने जेमतेम ओढली गेली असती, आणि ज्यांना गाडी बदलायची नाही त्यांच्यासाठी हा मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करू शकतो.

ट्रेलर दोन प्रकारचे असतात. लांब गालिचा लावलेल्या फळ्यांवर दोन्ही नळे टेकवणारा ट्रेलर रस्त्यावर स्थिर असतो. मधोमध कात्रीसारखा वर-खाली होणारा अरुंद ट्रेलर उथळ घाटावर सोयीचा, पण वाऱ्यात आणि वळणावर डोलतो. दर आठवड्याला हायवेने जायचे असेल तर पहिलाच घ्यावा. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष: '२३१५' म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. दुसऱ्या बोटीच्या ट्रेलरला मूळ टायर होते. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचे ट्रेलरचे टायर बदलावेत, आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरून घ्यावे.

कागद

बोटीच्या मागच्या उजव्या बाजूला बारा अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो. तो टायटलवरच्या, म्हणजे मालकीहक्काच्या दाखल्यावरच्या, क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. १९८४ नंतरच्या क्रमांकाची शेवटची चार चिन्हे उत्पादनाचा महिना, उत्पादनवर्षाचा शेवटचा आकडा आणि मॉडेलचे वर्ष सांगतात: 'एच८०९' म्हणजे ऑगस्ट २००८ मध्ये बनलेली, २००९ चे मॉडेल. इंजिनाचा आणि ट्रेलरचा क्रमांक वेगळा असतो, आणि ट्रेलरची नोंदणीही वेगळी. मिनेसोटात १६ फुटांहून लांब, मोटरच्या बहुतेक बोटींना टायटल लागते. टायटलवर बँकेचे कर्ज नोंदलेले असेल तर ते फिटल्याचे पत्र हातात पडेपर्यंत पैसे देऊ नयेत. विक्रीपत्रात बोट, इंजिन आणि ट्रेलर यांचे तिन्ही क्रमांक लिहून घ्यावेत.

हिशेब आणि निवड

शेवटी आम्ही दोन रकाने आखले. मागितलेल्या किमतीखाली प्रत्येक दोषाचा लेखी अंदाज मांडला. पहिलीला जमिनीचा कोपरा, नवा इम्पेलर, बॅटरी आणि पुढेमागे सीटांचे कापड. दुसरीला नळ्याचे वेल्डिंग, गिअरपेटीची सील आणि तपासणी, चार टायर. बेरजा जवळजवळ सारख्या आल्या. तेव्हा फरक राहिला तो पैशाने न बदलणाऱ्या गोष्टींचा: नळ्यांचा व्यास, लांबी आणि पाटीवरची संख्या. कापड बदलता येते, २३ इंची नळा २५ इंची करता येत नाही. आमची एसयूव्ही ५,००० पौंड ओढते, म्हणून तोही अडथळा नव्हता. जमिनीच्या अंदाजाचा कागद दाखवून आम्ही १३,२०० डॉलरला पहिली बोट घेतली. तळे लहान असते आणि आई-बाबा येत नसते तर मी वेल्डिंग करून दुसरी घेतली असती, आणि तीही चूक ठरली नसती.

ताबा घेताना जुन्या बोटीबरोबर आलेल्या सुरक्षासाधनांवर विसंबू नये. आमच्या बोटीतला अग्निशामक मूळचा, २००९ चा निघाला. २०२२ पासूनच्या नियमांनुसार एकदाच वापरायचा अग्निशामक त्याच्यावर छापलेल्या वर्षापासून बारा वर्षांनी बाद होतो. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची इंजिन बंद करणारी दोरी नवी घ्यावी. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या, ती सोय असलेल्या बोटींत वेगाने जाताना ती वापरणे बंधनकारक आहे. १६ फुटांपुढच्या बोटीत फेकता येईल असे एक तरंगते साधनही हवे. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घातलेलेच असावे लागते, आणि १ जुलै २०२५ पासून तरुण चालकांसाठी परवान्याची अट टप्प्याटप्प्याने लागू होत आहे, तेव्हा तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्टिअरिंग देण्यापूर्वी तो अभ्यासक्रम पूर्ण करून घ्यावा. जॅकेटे प्रत्येकाच्या मापाची, दुकानात घालून पाहून घ्यावीत. आईचे जॅकेट साडीवर नीट बसते. पदर आधी कमरेला खोचून मग तिन्ही पट्टे आवळावे लागतात, आणि खांद्याला धरून वर ओढले तर ते हनुवटीपर्यंत येता कामा नये.